पाच वर्षांच्या मुलाची सही चालत नाही

तिनं फोन टेबलावर ठेवला आणि तेवढ्यात स्क्रीन उजळली. घराच्या हप्त्याचा मेसेज होता. फोन नवऱ्याचा. त्याला जाऊन सव्वीस दिवस झाले होते. फोनचा पासवर्ड तिला माहीत नव्हता, तरी रोज रात्री ती तो चार्जिंगला लावत होती. "बँकेचे मेसेज ह्याच्यावरच येतात ना," ती म्हणाली. शेजारच्या खुर्चीत पाच वर्षांचा मुलगा पाय हलवत बसला होता.

मी तेव्हा एका बँकेत डेथ क्लेमच्या टेबलावर होते. तिचं म्हणणं साधं होतं. हप्ता झेपणार नाही. घर विकायचं, कर्ज फेडायचं, उरलेल्या पैशात सांगलीला माहेराजवळ दोन खोल्या घ्यायच्या. "सह्या कुठं करायच्या तेवढं सांगा." मी सांगायला लागले आणि माझंच तोंड कोरडं पडलं. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होतं. इच्छापत्र नव्हतं. म्हणजे कायद्यानं घराचे तीन वाटे झाले. एक तिचा, एक मुलाचा, एक सासूबाईंचा. सासूबाई भल्या होत्या, हक्कसोड पत्र द्यायला तयार होत्या. पण मुलगा अज्ञान. त्याचा वाटा विकायचा तर जन्मदात्या आईलाही कोर्टाची परवानगी लागते. "अहो, पण मी आई आहे त्याची," ती म्हणाली. त्या पोराला त्यातलं काय कळलं कोण जाणे. "मला माझं नाव लिहिता येतं," असं म्हणून त्यानं काउंटरवरची पैसे भरायची स्लिप ओढली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर नाव लिहिलं. एक अक्षर उलटं पडलं होतं. लिहून झाल्यावर त्यानं ती माझ्यापुढे सरकवली.

म्हणून तुम्हाला लिहिते आहे. तुम्हाला, म्हणजे जे पंचविशीत आहेत, तिशीत आहेत, अजून चाळिशीला टेकले नाहीत त्यांना. इच्छापत्र करा. मुलं मोठी झाल्यावर नको, घराचं कर्ज फिटल्यावर नको. ह्या आठवड्यात करा.

ही म्हाताऱ्या माणसांनी करायची गोष्ट आहे, असं तुम्हाला वाटत असेल. जरा हिशेब मांडून बघा. सत्तरीत माणूस गेला तर मागे कोण असतं? कमावती, सज्ञान मुलं. ती भांडतील, रुसतील, पण मनात आणलं तर चार सह्या करून मोकळी होतील. तिशीत माणूस गेला तर मागे रांगणारं मूल असतं. बाळासाठी नोकरी सोडून घरी थांबलेली बायको असते. गुडघे दुखायला लागलेले आईवडील असतात. डोक्यावर वीस वर्षांचं कर्ज असतं. आजी हक्कसोड करू शकते, नातू करू शकत नाही. इच्छापत्राची गरज सांगा बरं, कोणत्या घराला जास्त आहे?

आणि वेळ वय विचारून येत नाही. सरकारचाच आकडा आहे. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, आणि त्यांतली जवळजवळ दोन तृतीयांश १८ ते ४५ वयाची होती. कोरोनातला २०२१ चा एप्रिल-मे तर तुम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. त्या महिन्यांनंतर आमच्या टेबलासमोर येणारी माणसं एकदम तरुण झाली. खांद्याला लॅपटॉपची बॅग लावून मुली यायच्या, वडिलांचं नाही, नवऱ्याचं काम घेऊन.

तुमच्या हातात काय आहे ते आता ऐका. वयाची १८ वर्षं पूर्ण झाली आणि डोकं ठिकाणावर असलं की कोणीही इच्छापत्र करू शकतं. साधा कोरा कागद पुरतो. स्टॅम्प पेपर लागत नाही, मुद्रांक शुल्क लागत नाही. स्वतःच्या हातानं मराठीत लिहिलेलं चालतं, टाईप केलेलं चालतं. तुम्ही सही करायची, दोन सज्ञान साक्षीदारांनी तुम्हाला सही करताना पाहायचं आणि तुमच्यादेखत आपल्या सह्या करायच्या. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचू द्यायचीही गरज नाही. १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार अधिनियमानं एवढंच मागितलं आहे. दुय्यम निबंधकाकडे नोंदणी करणं सक्तीचं नाही. तरी करा. खर्च किरकोळ आहे, आणि पुढे कुणी कागदावर बोट ठेवलं तर नोंदणी उपयोगी पडते.

एवढंच काम आहे. आणि ते न केल्यानं काय होतं, हे मी फार जवळून पाहिलं आहे.

वडिलांचंच घ्या. मुलाच्या पुण्यातल्या फ्लॅटसाठी वडील आपला प्रॉव्हिडंट फंड मोकळा करतात. गावाकडची अर्धा एकर विकतात. "माझ्यानंतर तुझंच आहे, आत्ता घे," म्हणतात. आणि मुलगाच आधी जातो. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा उघडून बघा. मुलाच्या पहिल्या वर्गाच्या वारसांत बायको आहे, मुलं आहेत, आई आहे. बाप नाही. ज्यानं घराचे पैसे भरले त्याला त्या घराची एक वीटही कायद्यानं मिळत नाही. सून चांगली असेल तर सांभाळेल, बहुतेक सुना सांभाळतातही. पण आयुष्यभर ताठ मानेनं जगलेल्या माणसाला सुनेच्या मर्जीवर का ठेवायचं? एक ओळ लिहा. 'माझ्या वडिलांना ह्या घरात हयातभर राहण्याचा हक्क राहील.' कागदावर ही ओळ असली तर त्यांना कुणापुढे मिंधं व्हावं लागत नाही.

"पण मी सगळीकडे नॉमिनी लावलाय," असं तुम्ही म्हणाल. चांगलं केलंत. पण त्या भरवशावर थांबू नका. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. बँक, कंपनी, सोसायटी नॉमिनीच्या हातात पैसा किंवा ताबा देते, कारण तिला कुणाच्या तरी हातात द्यावाच लागतो. त्यानं तो पुढे खऱ्या वारसांना पोचवायचा असतो. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हे स्वच्छ शब्दांत सांगितलं. आपल्याकडच्या सहकारी गृहनिर्माण सोसायट्याही नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेतात, घर त्याच्या मालकीचं होत नाही. आणि आपले नॉमिनी कसे असतात? पहिली नोकरी लागली तेव्हा एचआरनं फॉर्म पुढे केला, आपण आईचं नाव लिहिलं. पुढे लग्न झालं, मूल झालं, फॉर्म तसाच राहिला. आई आणि बायको, दोघींवर आपलं सारखंच प्रेम. आणि दोघींना एकमेकींसमोर उभं करून आपण निघून जातो.

तसं होऊ देऊ नका. आज रात्री जेवण झाल्यावर एक वही घ्या आणि बसा. कुठल्या बँकेत खातं, कुठली एफडी, पीएफचा नंबर, डीमॅट कुठे, म्युच्युअल फंड कुठले, विमा किती, कुणाला पैसे उसने दिलेत, कुणाचे घेतलेत, सगळं लिहा. लाजू नका. दोन लाख असतील तर दोन लाख लिहा. पासवर्ड मात्र इच्छापत्रात लिहू नका. ते वेगळ्या पाकिटात ठेवा आणि पाकीट कुठे आहे हे एका विश्वासाच्या माणसाला सांगा. ही यादी किती मोलाची आहे ते एका आकड्यावरून कळेल. दहा वर्षं कुणी हात न लावलेल्या ठेवी बँका रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा करतात. मार्च २०२४ अखेर त्या निधीत ७८,२१३ कोटी रुपये होते. ते सगळे काही बेवारस माणसांचे नसणार. त्यांतल्या कितीतरी घरांत कुणाला ठाऊकच नव्हतं की असा पैसा आहे. (तुमच्याही घरात कुणी असं गेलं असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या 'उद्गम' पोर्टलवर त्यांचं नाव घालून एकदा शोधा.)

बायांनो, मुलींनो, आता तुमच्याशी बोलते. जरा जवळ बसा, कारण कायदा तुमच्या बाबतीत सर्वांत कठोर आहे.

एक बाई. लग्नानंतर तीन महिन्यांत नवरा सर्पदंशानं गेला. सासरच्यांनी तिला घराबाहेर काढलं. माहेरानं शिकवलं, ती नोकरीला लागली, पुढे पुन्हा कधी सासरी गेली नाही. आयुष्यभराची कमाई बँकेत आणि प्रॉव्हिडंट फंडात ठेवून १९९६ मध्ये ती गेली. इच्छापत्र नव्हतं. तिच्या आईनं दावा लावला. नवऱ्याच्या बहिणीच्या मुलांनीही लावला. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला: सहानुभूती आईकडे असली तरी कायदा कायदा आहे. मूल नसलेल्या आणि नवरा हयात नसलेल्या हिंदू स्त्रीची स्वकष्टाची मालमत्ता नवऱ्याच्या वारसांकडे जाते. तिच्या आईबापाचा नंबर त्यांच्यानंतर. पैसे भाच्यांना मिळाले. जिनं तिला शिकवून पायावर उभं केलं, त्या आईच्या हाती काही लागलं नाही.

हा निकाल मी आमच्या ऑफिसातल्या मुलींना सांगते तेव्हा त्या आधी विश्वासच ठेवत नाहीत. मग गप्प होतात. तुमचा पगार, तुमची एफडी, तुमचं सोनं, तुमच्या नावावरचा वन रूम किचन, सगळं ह्याच नियमात बसतं. नोव्हेंबर २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयानंच स्त्रियांना, विशेषतः हिंदू स्त्रियांना, इच्छापत्र करा असं आवाहन केलं. देशाचं सर्वोच्च न्यायालय स्वतःहून असं सांगतं, ते कशाच्या काळजीपोटी, ह्याचा विचार करा. आणि तुमच्या आईसाठी एक ओळ लिहा. फक्त एक ओळ. 'माझ्या बँकेतील ठेवी माझ्या आईला मिळाव्यात.' कायद्याची वाट तिथल्या तिथं बदलते.

आता मुलांचं. हे लिहिताना माझा हात जड होतो, पण लिहायलाच हवं. दोघंही एकदम गेलात तर? एक्सप्रेस वेवर, कोकणातून परतताना, एका गाडीत? मूल आजीकडे झोपलेलं, म्हणून वाचलं. त्याला कोण वाढवणार? तुम्ही म्हणाल, माझी बहीण. नवरा म्हणेल, माझा भाऊ. दोन्हीकडची माणसं मायेची. आणि मायेची माणसंच कोर्टात सर्वांत कडू भांडतात, कारण दोघांनाही मूलच हवं असतं. हिंदू आईबापांना इच्छापत्रानं अज्ञान मुलाचा पालक नेमता येतो, १९५६ पासून येतो आहे. दोघांनी आपापल्या इच्छापत्रात एकच नाव लिहा. आणि लिहिण्याआधी त्या माणसाला विचारा. "आम्हाला काही झालं तर सोनूला सांभाळशील का?" हा प्रश्न फोनवर विचारू नका. समोर बसून विचारा. माझ्या धाकट्या जावेला मी असं विचारलं तेव्हा ती रडली, मग माझा हात धरून "हो" म्हणाली. आमच्या नात्यात तेव्हापासून काहीतरी बदललं आहे, चांगल्या अर्थानं.

इथं एक चूक बहुतेक तरुण आईबाप करतात, ती तुम्ही करू नका. मायेपोटी सगळं मुलाच्या नावे लिहू नका. घर पाच वर्षांच्या मुलाच्या नावावर झालं की तुमची बायको पुन्हा त्याच कोर्टाच्या दारात. घर जोडीदाराच्या नावे लिहा. जोडीदार तुमच्या आधी किंवा तुमच्याबरोबर गेला तर सगळं मुलाकडे जावं, मुलाचे पैसे अमक्यानं सांभाळावेत, आणि शिक्षणासाठी खर्चावेत, असं पुढे लिहा. इच्छापत्र अमलात आणणारा एक्झिक्युटर नेमा. शहाणा, हिशेबी, तुमच्यापेक्षा फार म्हातारा नसलेला. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. शेजारचे, मित्र, ऑफिसातले चालतात.

आणि ज्यांना कायदा ओळखतच नाही त्यांचं काय? सात वर्षं एका छपराखाली राहणारी जोडी, लग्न केलेलं नाही. तुमचा सावत्र मुलगा, जो तुम्हाला बाबा म्हणतो. जिवाभावाची मैत्रीण, जिनं तुमच्या आजारपणात रात्री जागवल्या. समलिंगी जोडीदार. इच्छापत्र नसेल तर ह्यांच्या हाती एक रुपया लागत नाही, आणि तुमच्या खोलीतली पुस्तकंसुद्धा कोणी तरी दूरचा काका येऊन घेऊन जातो. तुमचं प्रेम सरकारी रजिस्टरात नसेल तर ते कागदावर तुम्हालाच उतरवायला हवं. ज्यांच्या घरात विशेष मूल आहे, त्यांनी तर उद्याचा दिवसही उजाडू देऊ नये. ते मूल पन्नास वर्षांचं झालं तरी त्याच्या वाट्याचं काम कुणाला तरी करावं लागणार आहे. ते कोण करील, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक?

वडिलोपार्जित जमिनीत माझा हिस्साच वेगळा झालेला नाही, मग लिहू काय, असं गावाकडची मुलं विचारतात. तो अविभक्त हिस्साही इच्छापत्रानं देता येतो. आणि २००५ पासून मुलींचाही त्यात बरोबरीचा वाटा आहे, म्हणजे लिहायला मुलींकडेही काही आहे. इच्छापत्र नसेल तर तलाठ्याकडे वारस नोंद होते, सातबाऱ्यावर नावांची रांग लागते, आणि एका विहिरीसाठी नऊ जणांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. त्यांतले तिघे सुरतला असतात आणि एक शाळेत.

प्रत्येकाचा कायदा एक नाही, हेही ध्यानात ठेवा. मुस्लिम बांधवांना साधारणपणे एक तृतीयांश मालमत्तेपुरतंच मृत्युपत्र करता येतं, त्याहून अधिकासाठी वारसांची संमती लागते. ख्रिश्चन किंवा पारशी असाल तर लग्नाआधीचं इच्छापत्र लग्नानंतर रद्द होतं, नवं करा. हिंदूंचं उलट आहे. लग्नाआधी सगळं भावाच्या नावे लिहिलं असेल तर लग्नानंतरही तेच चालू राहतं, तेव्हा अक्षता पडल्या की कागद पुन्हा काढा. गोव्यात राहत असाल तर तिथला वारसा कायदा निराळा आहे. मुलंबाळं, आईवडील ह्यांचा निम्मा वाटा हलवता येत नाही, आणि इच्छापत्र खास नोटरीसमोर करावं लागतं. तिथं साध्या कागदावर विसंबू नका. न्यू जर्सीत किंवा दुबईत असाल आणि ठाण्यात फ्लॅट असेल, तर दोन्हीकडच्या वकिलाला एकदा विचारा.

आता घरातून येणारा आवाज. "शुभ बोल नाऱ्या!" आई म्हणेल. "वास्तू तथास्तु म्हणत असते, असलं अभद्र बोलू नये." आईवर चिडू नका. तिच्या पोटातली भीती खरी आहे. तिला इतकंच विचारा: आपण टर्म इन्शुरन्स काढला तेव्हा अभद्र झालं का? हेल्मेट घालतो तेव्हा? तू मला पहिल्यांदा शाळेत पाठवलंस तेव्हा माझ्या दप्तरात नाव-पत्ता लिहिलेला कागद ठेवला होतास, तो काय मी हरवावं म्हणून? माझ्या आईला मी हेच विचारलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "माझंही लिही मग." तिच्या पाटल्या कुणाला आणि तांब्याचा बंब कुणाला, हे तिनं त्या दुपारी ठरवलं. इतकी वर्षं तिच्या मनात ते होतं. कुणी विचारलंच नव्हतं.

व्हॉट्सॲपवर लिहून ठेवलंय, व्हिडिओ करून ठेवलाय, भावाला तोंडी सांगितलंय, ह्यातल्या कशावरही विसंबू नका. कागद, तुमची सही, दोघांच्या सह्या. तारीख घाला. प्रत्येक पानावर सही करा. चुकलं तर घाबरू नका. इच्छापत्र हवं तितक्या वेळा बदलता येतं, शेवटचं तेवढं खरं धरतात. नवं मूल, नवं घर, घटस्फोट, काहीही झालं की पुन्हा लिहा आणि आधीचं रद्द केल्याचं पहिल्याच ओळीत सांगा. इच्छापत्रानं कर्ज माफ होत नाही, बँकेचं देणं आधी जातंच. पण मागे राहिलेल्या माणसाला निर्णय घ्यायला हात मोकळे मिळतात. विम्याची पॉलिसी बायको-मुलांसाठी घेत असाल तर विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४ च्या कायद्याखाली घ्या, म्हणजे त्या पैशाला सावकार हात लावू शकत नाहीत. पॉलिसी घेतानाच फॉर्मवर तसं लिहून द्यावं लागतं. नंतर होत नाही.

त्या पाच वर्षांच्या मुलाच्या आईचं पुढे काय झालं, सांगते. कोर्टाची परवानगी मिळाली, पण तोवर ती महिन्याच्या महिन्याला हप्ता भरायला येत होती. आधी मंगळसूत्राच्या वाट्या मोडल्या, मग बांगड्या. मुलगा पहिलीत गेला. एकदा त्याला पाहिलं तेव्हा ते उलटं अक्षर सुलटं झालं होतं. तो आपणहून माझ्या टेबलाशी आला आणि लिहून दाखवलं. तिच्या नवऱ्यानं एका संध्याकाळी अर्धं पान लिहिलं असतं, तर ती त्याच महिन्यात घर विकून आईजवळ गेली असती. तो वाईट माणूस नव्हता. तिच्यासाठी जीव टाकायचा. त्याला फक्त वाटलं होतं, अजून वेळ आहे.

तुम्हाला वेळ आहे. शनिवारी दोन मित्रांना चहाला बोलवा. आधीच्या रात्री कागद लिहून ठेवा. सह्या झाल्या की पाकिटात घाला, वर तारीख टाका, कपाटात ठेवा. आणि कुठल्या कप्प्यात ठेवलं आहे ते बायकोला, नवऱ्याला, बहिणीला, कुणा एकाला त्याच संध्याकाळी सांगा.